नीरू कोणाचा?

रुपराव पराते जळत होता, आणि जळत होता तो आपल्या बायकोवर. बायकोपायी दुसऱ्या कोणावर नव्हे, खुद्द बायकोवर, शामलावर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तांडापेठेतल्या लोकांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. नवरा तोंड पाडून हिंडतो आणि बायको पदर खोचून चार पुरुषांत काम करते, एवढं दिसलं की गल्लीला पुढचं आपोआप सुचतं. लोकांनी रुपरावसोबत काम शिकलेल्या चंद्रभानचं नावही घेऊन पाहिलं. तसं काही असतं तर रुपरावला सोपं गेलं असतं. संशय चारचौघांत बोलून दाखवता येतो. दोन माणसं खांद्यावर हात ठेवतात, एखादा दोस्त भांडायला सोबत येतो. पण बायकोचा हात आपल्यापेक्षा चांगला आहे आणि ते आपल्याला बघवत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून तो कोणालाच सांगत नव्हता आणि आतल्या आत धुमसत होता.

साल त्रेपन्न. नागपूर तेव्हा अजून मध्य प्रदेशाच्या राजधानीचं शहर होतं. धंतोलीपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत जिकडे पाहावं तिकडे बांबूच्या परांच्या उभ्या होत्या. इकडे कोष्ट्यांच्या तांडापेठेत मात्र एकेका घरातून मागाचा आवाज बंद पडत चालला होता. मिलची लुगडी स्वस्त झाली होती आणि बायका ती घेत होत्या. कोष्ट्यांच्या बायकासुद्धा घेत होत्या, आता बोला! रुपरावचा माग दिवाळीला थांबला तो होळी आली तरी थांबलेलाच होता.

दोन गल्ल्या पलीकडे नानाजी मिस्त्री राहत. तेही कोष्ट्याच्याच घरचे, पण वीस वर्षांपूर्वी माग सोडून गिलाव्याच्या कामात शिरलेले. एके सकाळी ते दारात आले. उभ्या उभ्याच त्यांनी रुपरावचं उजवं मनगट धरून हलवून पाहिलं.

"मनगट कामाचं हाये गा तुह्यं," ते म्हणाले. "धोटा फेकणारं मनगट हाये. चाल माह्यासंगं, गिलावा शिक. अन शामलालेबी आण. शिकणाऱ्याले सहा महिने काही भेटत नाई. रेजाले रोजच्या रोज भेटते."

रेजा म्हणजे बांधकामावर घमेली वाहणारी बाई. आपल्या घरची बाई डोक्यावर घमेलं घेणार म्हणून रुपरावचा चेहरा उतरला. शामलानं मात्र तेव्हाच चुंबळीसाठी जुनं धोतर फाडायला घेतलं.

काम धंतोलीत होतं, एका वकिलाच्या दुमजली घराचं. ठेका गुलाबचंदचा. पहिला महिना रुपरावच्या हाती थापी आलीच नाही. भिंती खरवडायच्या, विटांच्या सांध्यांतली माती काढायची, पाणी मारायचं. जन्मभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस तो, दिवसभर उभं राहून त्याच्या पोटऱ्या सुजल्या. दुसऱ्या महिन्यात थापी मिळाली, ती जिन्याखालच्या अंधाऱ्या भिंतीपुरती. चुन्याचा माल थापीवर घ्यायचा आणि मनगटाच्या झटक्यानं भिंतीवर मारायचा. आठ दिवस निम्मा माल त्याच्या स्वतःच्याच पायावर पडत होता.

"भितीले गिलावा करून राहिला का पायाले?" नानाजी विचारत.

चंद्रभान खो खो हसायचा. तोही त्याच महिन्यात शिकायला आलेला, उमरेडच्या विणकराचा मुलगा. आपला माल पायावर पडला तरी तो तसाच हसायचा, त्यामुळे त्याचा राग धरता येत नसे.

पण रुपरावचं मनगट खरंच कामाचं निघालं. तिसऱ्या महिन्यात त्याचा माल भिंतीला असा चिकटू लागला की खाली सांडलेला वेचायला रेजाला वाकावं लागेना. ओळंबा सोडून पाहिलं तर भिंत सरळ, रंधा फिरवला की सपाट. नानाजींनी त्याला जिन्याखालून वर आणलं. माग बंद पडल्यापासून पहिल्यांदाच त्याला जेवण गोड लागायला लागलं होतं. आणि नेमकी तेव्हाच रंभाबाई आजारी पडली.

रंभाबाई म्हणजे कामावरची सगळ्यांत जुनी रेजा. नीरू तिच्या हाती असे. गिलावा वाळत आला की त्याच्यावर शेवटी जो पांढरा, लोण्यासारखा पातळ थर देतात तो नीरू. भिंतीचं सगळं रूप त्यात असतं. कळीचा चुना हौदात भिजत घालायचा, पंधरा दिवस त्याच्याकडे बघायचं नाही, मग फडक्यातून गाळायचा, पाट्यावर वाटायचा, पुन्हा गाळायचा. रंभाबाईच्या पोटात भाकर ठरेनाशी झाली, वरवंटा ओढवेना. तेव्हा नानाजींनी ते काम शामलाला दिलं.

कोष्ट्याच्या घरात ताण्याला खळ द्यायचं काम बायकांचं असतं. तांदळाची खळ किती दाट हवी, हे शामला लहानपणापासून दोन बोटांत धरून सांगायची. बोटं उघडली की तार किती लांब येते, कुठे तुटते, एवढ्यावर तिचा हिशेब चाले. तिनं नीरूही तसाच दोन बोटांत धरून पाहिला. जाड फडकं टाकून दिलं आणि घरातलं बारीक पोताचं, रुपरावनंच विणलेलं लुगडं आणून त्यातून चुना दोनदा गाळला. तिसऱ्या दिवशी नानाजी नीरू दिलेल्या भिंतीसमोर आले, तळहात फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला.

"नीरू कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"शामलावहिनीचा," चंद्रभान म्हणाला.

नानाजींनी शामलाकडे पाहून मान हलवली. मिस्त्री लोकांत यापेक्षा मोठी शाबासकी नसते. रुपरावला त्या दिवशी आनंदच झाला, हेही सांगायला हवं. घरी जाताना त्यानं तिला चिवडा घेऊन दिला.

पण मग ते रोजचंच झालं. भिंत रुपरावची असो की चंद्रभानची, नानाजी हात फिरवायचे आणि विचारायचे, "नीरू कोणाचा?" गिलावा कोणाचा, हे कोणी विचारत नसे. खालचा गिलावा सरळ नसेल तर वरचा नीरू काय डोंबल दिसणार आहे? पण हे म्हणायचं कोणाला? वकीलसाहेब काम पाहायला आले, त्यांनी भिंतीत आपल्या टोपीचं प्रतिबिंब पाहिलं आणि तेही म्हणाले, "वा! हा पांढरा हात कोणाचा?" रुपराव थापी हातात घेऊन तिथेच उभा होता. चंद्रभाननं नाव सांगितलं.

घरी शामलाची टकळी सुरू असायची. आज चुना कसा फसफसला, उद्या हौद कसा काढणार, हे ती भाकरी थापता थापता सांगायची आणि त्याला वाटायचं, हिला आता गप्प कर कोणीतरी. भाजीत मीठ कमी निघू लागलं. पाणी कोमट असूनही त्याला गरम लागू लागलं. तिच्या हातांना चुन्यानं भेगा पडल्या होत्या, त्यांना ती तेल लावत बसली की तो उठून बाहेर जायचा. एकदा ती म्हणाली, "तुमची थे जिन्याजवळची भित लय सरळ झाली बरं." त्यालाच तर कोणीतरी असं म्हणायला हवं होतं. पण ते तिच्या तोंडून आलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग एक दिवस त्याला दिसलं की शामला रोज कामावर जाताना एक झाकलेला गडवा नेते. त्यानं झाकण उचलून पाहिलं. तांदळाची पेज होती. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेज म्हणजे खळच की! ही बया चुन्यात खळ मिसळते. ताण्याला देतो तीच खळ भिंतीला देते, म्हणून भिंत चकाकते. एवढंच होय हिचं कसब! रुपरावला इतकं हलकं वाटलं की तो त्या दिवशी शीळ घालत कामावर गेला. खळ काय, कोष्ट्याच्या घरात जन्मलेल्या कोणालाही करता येते.

नानाजींची एक रीत होती. शिकणारा तयार झाला असं वाटलं की ते त्याला 'भिंत देत'. घरातली दर्शनी भिंत, पूर्ण त्याची एकट्याची. आठ दिवस ती वाळायची, मग नानाजी सकाळच्या तिरप्या उन्हात एकच खिडकी उघडी ठेवून तिच्यावर नजर टाकायचे. भिंत कसाला उतरली तर नारळ फोडून नवी थापी हातात देत आणि त्या दिवसापासून माणूस मिस्त्री होई. नाही उतरली तर पुन्हा जिन्याखाली, नाहीतर घरी. पावसाळा सरता सरता नानाजींनी रुपरावला दिवाणखान्याची भिंत दिली.

"नीरूले शामला हायेच," ते म्हणाले.

गिलावा रुपरावनं असा केला की चंद्रभान हसायचं विसरला. आता फक्त नीरू राहिला होता. हौदातला चुना भिजत घालून सहा दिवस झाले होते. शामलानं हौदात हात घातला, तळाचा चुना बोटांत चुरडला आणि मान हलवली.

"अजून आठ दिवस थांबा न. आत खडे जिते हायेत."

"काहून? तू मिस्त्री झाली का?"

"तसं नाई वो. जिता खडा भितीवर गेला की मांगून फुटते. रंभाबाईनं सांगतलं मले."

"माही भित हाये," रुपराव म्हणाला. "माही एकट्याची. तू वरच्या माळ्यावर चंद्रभानचा माल ने. नीरू मी करतो."

तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, घमेलं उचललं आणि ती वर गेली. सगळे दुपारच्या भाकरीला बसले होते, तेव्हा रुपरावनं सहा दिवसांचा चुना एकदाच गाळला. सकाळी ती नळावर गेली असताना चुलीवर रटरटवून डब्यात भरून आणलेली दाट खळ त्यात ओतली. ढवळून त्यानं दोन बोटांत धरून पाहिलं. तार लांबच लांब आली. संध्याकाळपर्यंत भिंत झाली, आणि काय सांगावं, आरशासारखी झाली! अशी चकाकी शामलाच्या नीरूलाही कधी आली नव्हती. रुपरावनं तिला मुद्दाम हाक मारून बोलावलं. तिचा चेहरा पडलेला त्याला पाहायचा होता.

शामलानं भिंतीला नख लावलं, नाकाशी नेलं.

"यात खळ टाकली तुमी?"

"जे तू टाकते थेच टाकलं."

"मी?" तिला काही कळेना. मग कळलं. "अवो, थे पेज तं दुपारी रंभाबाईच्या घरी नेऊन देतो मी. तिच्या पोटात भाकर ठरत नाई. चुन्यात खळ कोण टाकते बापा?"

रुपरावला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

"आता खरवडून टाका," ती हळूच म्हणाली. "अजून ओली हाये. कोणी पाह्यलं नाई. आठ दिवसानं मी नीरू करून देतो, भित तुमचीच राहीन."

इथं त्यानं ऐकलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. खरवडायला फार तर तासभर लागला असता. पण 'मी करून देतो' हे शब्द त्याच्या मस्तकात गेले. हिच्या मेहेरबानीनं मिस्त्री व्हायचं? त्यापेक्षा भिंत फुटली तरी चालेल, असं त्याला त्या घटकेला खरोखर वाटलं.

"झाली न चांगली?" तो म्हणाला. "तुले पाहावत नाई, म्हणून बोलून राहिली तू."

आणि भिंत फुटली. तिसऱ्या दिवशी खिडकीपाशी मुंग्यांची रांग लागली. वरची खळ कातड्यासारखी वाळली आणि आखडली, आत सगळं ओलंच राहिलं. मग पापुद्रे सुटू लागले. पाचव्या दिवसापासून चुन्यातले न विझलेले, जिते खडे एकेक करून फुटायला लागले. प्रत्येक ठिकाणी ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडला. आठव्या दिवशी सकाळी नानाजींनी एकच खिडकी उघडली. तिरप्या उन्हात ती भिंत देवी आलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसली. नेमका गुलाबचंद ठेकेदारही त्या दिवशी आला होता. माणसं काम सोडून दारात गोळा झाली. शामला डोक्यावर घमेलं घेऊन मागे उभी होती.

गुलाबचंद ओरडला, "सत्यानाश! दिवाणखान्याची भिंत ही! नीरू कोणाचा?"

चार महिने हा प्रश्न रुपरावच्या घशात अडकत होता. नाव सांगायची वेळ आली की त्याची जीभ जड व्हायची. आज मात्र ती झटकन वळली.

"शामलाचा," तो म्हणाला.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. शामलानं घमेलं खाली ठेवलं. ती भिंतीकडे पाहत नव्हती, त्याच्याकडे पाहत होती.

"माहाच," ती म्हणाली.

नानाजींनी एक पापुद्रा काढला, जिभेवर ठेवला आणि थुंकले. मग बराच वेळ रुपरावकडे पाहत राहिले. त्यांना कळलं होतं, यात शंका नको. पण दोघांपैकी एक जाणार होतं, आणि बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. गुलाबचंदनं शामलाला तिथल्या तिथे कामावरून काढलं. तिनं हात धुतले, चुंबळ उचलली आणि ती एकटी तांडापेठेत चालत गेली.

संध्याकाळी रुपराव घरी आला. भाकर झाली होती. आपण माफी मागावी असं त्याला वाटत होतं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"काहून म्हणलं माहाच म्हणून? म्या मांगतलं होतं का?"

"तुमची थापी गेली असती तं पुन्हा भेटली नसती," ती म्हणाली. "घमेलं कोठीबी भेटते."

तिनं रडावं, भांडावं, गल्ली गोळा करावी, तर त्याला निदान ओरडता आलं असतं. तिनं त्याला भाकर वाढली. खोटं बोलायच्या कामातही ही आपल्याहून सरस निघाली, असं त्याच्या मनात आलं. हा विचार मनात आल्याची त्याला लाज वाटली, तरी तो काही गेला नाही.

पुढं नानाजींनी त्याला दुसरी भिंत दिली. नीरू दुसऱ्या एका रेजानं केला, बरा केला. भिंत उतरली. नारळ फुटला. थापी हातात देताना नानाजी एवढंच म्हणाले, "हात चांगला हाये तुहा. बाकीचं तुह्यं तुले ठाऊक." त्याच आठवड्यात चंद्रभानही मिस्त्री झाला. त्यानं स्वतःचं काम धरलं आणि पहिल्याच दिवशी तो रुपरावच्या दारात येऊन उभा राहिला.

"भाऊ, वहिनी माह्या कामावर येतीन का? नीरूले माणूस पायजे."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. रुपराव 'हो' म्हणाला. गल्लीनं चंद्रभानचं नाव घेतलं ते तेव्हापासून.

त्यानंतरची तीन वर्षं रुपरावनं गिलावा केला आणि चंद्रभानच्या भिंतींची तारीफ ऐकली. रामदासपेठेत, महालात, जिथे जाईल तिथे तेच. तो उगाच वाट वाकडी करून चंद्रभाननं केलेल्या घरांत शिरायचा, कोणी नाही असं पाहून भिंतीला तळहात लावायचा आणि जळत घरी यायचा. खालचा गिलावा त्याला बोटांनी कळत असे. तो आपल्याइतका सरळ नाही, हे त्याला ठाऊक होतं. वरचा नीरू कोणाचा, हेही ठाऊक होतं. घरी ती बाई त्याच्यासमोर बसून हातांना तेल लावत असायची आणि ती दोघं बाजारभावावर बोलायची.

मग राजधानी भोपाळला गेली. कचेऱ्या गेल्या, सरकारी कामं आटली. सत्तावन्नच्या दिवाळीनंतर रुपराव दोन महिने घरी बसला. माग विकून टाकलेला, थापी धूळ खात पडलेली. चंद्रभानला मौद्याकडे एका मालगुजाराच्या घराचं काम मिळालं, तो तिकडे राहायलाच गेला. शामलाही घरी बसली. अशा दिवसांत सावनेरचे कापसाचे व्यापारी ईश्वरदास शेठ नागपुरात घर बांधत असल्याचं कळलं. वर्षभराचं काम होतं. रुपराव जाऊन उभा राहिला.

शेठ त्याला घेऊन आपल्या साडूच्या घरी गेले, दिवाणखान्यात नेलं आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "मला असं पाहिजे."

रुपरावला हात लावायची गरजच नव्हती.

"हे ज्यानं केलं त्या चंद्रभानला मी विचारलं," शेठ म्हणाले. "त्याला सवड नाही. पण माणूस सरळ. म्हणाला, भिंत माझी आहे, नीरू शामलाचा आहे. जो मिस्त्री तिला आणील त्याच्याकडून करून घ्या. तुमच्याच तांडापेठेत राहते म्हणे. ओळखता का तुम्ही?"

चंद्रभान तिचं नाव सांगत हिंडत होता. परक्या माणसानं ते असं सहज सांगून टाकलं होतं, जसा कोणी रस्ता सांगतो. रुपरावची जुनी जळफळ पुन्हा पेटली. ही माझी बायको, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. पण मग काम तिच्या नावानं मिळालं असतं, आणि तो तिच्यामागून आलेला नवरा ठरला असता.

"नाई, शेठजी," तो म्हणाला. "वळखत नाई."

"मग शोधा. उद्या घेऊन आलात तर काम तुमचं. नाहीतर माझ्याकडे दुसरे दोघे आहेत."

रुपराव घरी आला. शामला तांदूळ निवडत होती. त्यानं शेठचं सगळं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, चंद्रभाननं काय म्हटलं तेही सांगितलं. ती ऐकत होती.

"मंग तुमी काय सांगतलं?"

तो खोटं बोलू शकला असता. "वळखत नाई म्हणलं," तो म्हणाला.

तिचा हात सुपातच थांबला. मग ती पुन्हा खडे वेचू लागली.

"येतो मी उद्या," ती शेवटी म्हणाली. "पण माह्यं नाव मी नाई सांगनार, अन चंद्रभानची चिठ्ठीबी नाई आननार. तुमी सांगा. नाई सांगतलं तं तशीच वापस येतो."

दुसऱ्या दिवशी शेठच्या बांधकामावर विटांच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या. शेठ छत्री टेकून उभे होते. शामला रुपरावच्या चार पावलं मागे थांबली. एक शब्दही न बोलण्याचं तिनं ठरवलंच होतं.

"सापडली का?" शेठनी विचारलं.

सात-आठ गवंडी, तेवढ्याच रेजा, सगळे कान देऊन ऐकत होते.

"हे शामला," तो म्हणाला. "माही बायको हाये. काल मी खोटं बोललो."

शेठच्या भुवया वर गेल्या. रुपरावला थांबता आलं असतं, काम झालं होतं. पण एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबवेना.

"चंद्रभानच्या भितीचा नीरू हिचा हाये. अन धंतोलीत वकिलाच्या दिवाणखान्याची भित फुटली होती, थो नीरू हिचा नव्हता. थो माहा होता. म्या हिचं नाव सांगतलं."

"कोणती भिंत?" शेठ गोंधळले. "कोणता वकील?"

त्यांना कोणीच समजावून सांगितलं नाही. शामला पुढं आली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला आणि चेहरा दुसरीकडे वळवला, पण तिचे डोळे भरलेले रुपरावला दिसले. हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. शेठनी त्याच्याकडे पाठ केली होती आणि ते तिलाच विचारत होते, चुना कुठला आणायचा, हौद केवढा बांधायचा, किती दिवस लागतील. ज्याला तो चार वर्षं भीत आला होता ते आता त्याच्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि ते त्याला पूर्वीइतकंच झोंबत होतं. शामलानं एकदा मागं वळून त्याच्याकडे पाहिलं, मग ती शेठना सांगू लागली. रुपराव छातीतली ती आग घेऊन तिथेच उभा राहिला आणि तिनं सांगितलेल्या मापाप्रमाणे त्यानं हौदाची जागा पावलांनी मोजायला घेतली.